हिवाळ्यातलं ब्राइस कॅनियन: वाट वाकडी करून जाच

डिसेंबर-जानेवारीत लास व्हेगसहून सॉल्ट लेक सिटीला गाडीने जाणारे आपले कितीतरी लोक आय-15 हायवेवरून सरळ पुढे निघून जातात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण एक्झिट 95 ला उतरलं की दीड तासाच्या आत युटा राज्यातलं ब्राइस कॅनियन नॅशनल पार्क. जीपीएस कधीकधी सीडर सिटीवरून 14 नंबरचा घाट दाखवतो, बर्फात तिकडे नका जाऊ, 20 नंबरचा रस्ता बरा, मग पँग्विच गाव आणि पुढे हायवे 12. पार्कच्या आधीच रेड कॅनियन लागतं, तिकीट वगैरे काही नाही, रस्ता चक्क लाल दगडातल्या दोन कमानींखालून जातो, तिथे थांबाच.

आता पार्क. थंडीत पार्कची शटल बस बंद असते, गर्दी नसते, आपली गाडी थेट सनसेट पॉइंटला लावता येते. उंची 8000 फूट (कळसूबाई 5400!), त्यामुळे पहाटे पारा शून्याच्या बराच खाली, कानटोपी-हातमोजे पाहिजेतच. पण सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो म्हणून पोरांनाही उठवता येतं. ब्राइस पॉइंटला उभं राहा, पहिलं ऊन पडलं की खालचे हजारो सुळके एकेक करून पेटतात, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी, आणि बर्फावरून उजेड उलटा पडल्यामुळे सावलीतला दगडसुद्धा आतून केशरी दिसतो. हे उन्हाळ्यात नाही दिसत हो!

दुपारी क्वीन्स गार्डनच्या वाटेने थोडं खाली उतरा. सगळीकडे टपटप पाणी गळत असतं, मधेच बारीक खडे घरंगळतात. हेच पाणी फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं, दगड फोडतं, असं वर्षातल्या दीडशेहून जास्त रात्री चालतं आणि त्यातूनच हे हूडू, म्हणजे दगडाचे सुळके, घडलेत, म्हणजे घडण अजून चालूच आहे आणि आपण तिच्या मधोमध उभे! बुटांना स्पाइक्स लावल्याशिवाय मात्र उतरू नका, पायवाट दाबून दाबून काचेसारखी झालेली असते. नवाहो लूप या दुसऱ्या पायवाटेची ‘वॉल स्ट्रीट’ नावाची बाजू हिवाळ्यात बंद असते.

ताजा बर्फ पडला की रेनबो पॉइंटकडचा रस्ता साफ होईपर्यंत बंद ठेवतात, हिरमुसू नका, मुख्य पॉइंट सगळे सुरुवातीच्या भागातच आहेत. खाण्याचे हाल आहेत, आसपासची बरीच हॉटेलं हिवाळ्यात बंद, थेपले आणि थर्मासमधे चहा सोबत ठेवाच.

पार्कचं तिकीट गाडीला 35 डॉलर, सात दिवस चालतं. आणि भारतातून आई-बाबा आले असतील तर लक्षात घ्या, 2026 पासून अमेरिकेबाहेरच्यांना माणशी 100 डॉलर जादा लावलेत, आधी पार्कची वेबसाइट बघून घ्या. तरी त्यांना न्याच, सनराइज ते सनसेट पॉइंट अर्धाच मैल आहे, जवळपास सपाट, हळूहळू चालत आरामात होतं. माझ्याकडून पाचपैकी पाच.