प्रोप्रायटरशिप, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड? नौपाड्यातल्या सीए मॅडमच्या ऑफिसचा रिव्ह्यू

ठाणे-नवी मुंबईत कुणी नवीन धंदा रजिस्टर करत असेल आणि एकट्याच्या नावावर ठेवायचा (प्रोप्रायटरशिप), मर्यादित जबाबदारीची भागीदारी करायची (एलएलपी) की कंपनी काढायची (प्रायव्हेट लिमिटेड) हे ठरत नसेल, तर आधी हे वाचा. नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एका सीए मॅडमचं ऑफिस आहे, तिथे जा असं मी डोळे झाकून सांगेन. नाव इथे टाकत नाही, सीएंना जाहिरातीवर बरीच बंधनं असतात आणि मॅडमनी स्वतःच नको म्हटलंय, ज्यांना हवंय त्यांनी मेसेज करा.

आमचं काम सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांचं, म्हणजे एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट), मोटर रिवाइंडिंग, टाकी सफाई वगैरे. मी आणि माझा मेव्हणा. मी नोकरी सोडून पूर्णवेळ उतरलोय, त्याची महापेला नोकरी चालू आहे, तो भांडवल घालणार आणि कामात पडणार नाही असं आधीच ठरलेलं.

मॅडमकडे जायच्या आधी एका रजिस्ट्रेशन करून देणाऱ्या एजन्सीशी बोललो होतो, त्यांनी फोनवर पाच मिनिटांत सांगून टाकलं की प्रायव्हेट लिमिटेड घ्या, कंपनीला २२ टक्के टॅक्स, एलएलपीला ३०, विषय संपला. आम्ही काय करतो, किती पैसे घरी नेणार, एक शब्द विचारला नाही. मेव्हणा तर म्हणाला, भावोजी २२ टक्के आहे तर घेऊन टाकू, कशाला डोकं लावायचं.

मॅडमनी मात्र पहिला अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. घरखर्चाला महिन्याला किती लागतात, धंद्यात किती ठेवणार, मेव्हण्याचा पगार किती, दोघांपैकी प्रत्यक्ष काम कोण करणार. मग एक कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी १५ लाख नफा झाला असं धरू आणि तीनही प्रकारे काढून बघू. तो कागद मी जपून ठेवलाय, म्हणून आकडे नीट देतो.

माझ्या नावावर प्रोप्रायटरशिप असती तर सगळे १५ लाख माझंच उत्पन्न, न्यू रेजिमच्या (नवीन कर पद्धतीच्या) स्लॅबने सेस (टॅक्सवरचा उपकर) धरून १,०९,२०० टॅक्स. शिवाय उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर ४४एडी (ठराविक टक्के नफा धरून टॅक्स भरायची सोय, जुन्या आयकर कायद्यातल्या कलमाच्या नावाने ओळखली जाते) घेता येतं, बँकेतून आलेल्या पैशावर कमीत कमी ६ टक्के नफा दाखवायचा (कॅशवर ८). खरा नफा त्याहून जास्त असेल तर सरळ जास्तच दाखवा, हे मॅडमनी आम्ही न विचारता सांगितलं. नुसता टॅक्स बघितला तर एलएलपीपेक्षा हे स्वस्त पडतं हेही त्यांनी लपवलं नाही. पण मग मेव्हणा मालक होत नाही, आणि टाकी साफ करताना एखाद्या माणसाला काही झालं तर माझं घरदार त्यात अडकतं.

एलएलपीचा टॅक्स साध्या पार्टनरशिप फर्मसारखाच असतो, सरळ ३० टक्के, सेस धरून ३१.२. फरक एवढाच की ४४एडी साध्या फर्मला मिळतं, एलएलपीला नाही. ऐकायला ३१.२ खूप वाटतं ना, १५ लाखांवर ४,६८,००० होतात. पण वर्किंग पार्टनरला (प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराला) दिलेला मोबदला खर्च म्हणून वजा होतो, त्याला मर्यादा आहे, पहिल्या ६ लाख नफ्याच्या ९० टक्के आणि वरच्या नफ्याच्या ६० टक्के. म्हणजे आमच्या केसमध्ये ५.४ अधिक ५.४, १०.८ लाख. उरले ४.२ लाख, त्यावर टॅक्स १,३१,०४०. आणि ते १०.८ लाख माझ्या हातात आले तर माझं दुसरं काही उत्पन्न नाही, १२ लाखांच्या आत रिबेट (टॅक्समध्ये सूट) बसतो, माझा टॅक्स शून्य! टॅक्स भरून एलएलपीत जे उरतं त्यातला मेव्हण्याचा वाटा त्याला टॅक्स-फ्री मिळतो, त्याच्या पगारात मिसळत नाही.

हा सगळा खेळ एलएलपीच्या अॅग्रीमेंटमधल्या एका कलमावर चालतो बरं का. मोबदला किती, किंवा तो कसा काढायचा, हे तिथे लिहिलेलं नसेल तर वजावट मिळत नाही आणि मग ४,६८,०००च भरा. मॅडमनी ते कलम आमच्यासमोर बसून लिहिलं, आधी मराठीत मला समजावलं मग इंग्रजीत टाइप करायला दिलं. भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज देता येतं, तेही कलम घातलं.

आता प्रायव्हेट लिमिटेड. एजन्सीने सांगितलेले ते २२ टक्के म्हणजे सरचार्ज (अधिभार) आणि सेस लावून २५.१६८. डायरेक्टर म्हणून मी पगार घेतला तर तो कंपनीचा खर्च, त्यामुळे एकट्या माणसाचं गणित कंपनीतही छान बसू शकतं. पण मेव्हणा काम करणार नाही तर त्याला पगार कशाचा? त्याला डिव्हिडंडच (कंपनीच्या नफ्यातला वाटा) द्यावा लागणार, म्हणजे आधी कंपनीने २५.१६८ भरायचे आणि मग त्याने त्याच्या स्लॅबने परत, तो २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर दोन्ही मिळून ४० च्या वर जातं. वर ऑडिट पहिल्या दिवसापासून कंपल्सरी, एक रुपयाचा धंदा नसला तरी. एलएलपीला वर्षाची उलाढाल ४० लाख किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की मगच, इन्कम टॅक्सचं ऑडिट वेगळं. आणि मॅडमचं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, "कंपनीचा पैसा तुमच्या खिशातला नसतो हो, मधेच उचल घेतलीत तर तोच डिव्हिडंड धरून टॅक्स लागू शकतो." आमच्यासारख्या धंद्यात, जिथे गणपतीच्या आधी हात आखडतो आणि मार्चमध्ये सगळ्या सोसायट्यांचे चेक एकदम येतात, तिथे हे फार महत्त्वाचं आहे.

बाहेरून गुंतवणूकदार आणायचे असतील तर कंपनीच घ्या असंही त्या म्हणाल्या. खरोखर स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता आणि त्यापुढचं टॅक्स-सवलतीचं सर्टिफिकेट मिळालं तर पहिल्या १० वर्षांत सलग ३ वर्षं नफ्यावर पूर्ण सूट असते, ती एलएलपीलाही मिळते, प्रोप्रायटरला नाही. पंप दुरुस्तीला ते लागू होणार नाही हे स्पष्ट सांगून टाकलं, उगाच आशा लावली नाही.

आम्ही एलएलपी केली.

अजून दोन गोष्टी ज्या आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितल्या नव्हत्या. सोसायटी आमच्या बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापते तो प्रोप्रायटर असेल तर १ टक्का आणि एलएलपी किंवा कंपनी असेल तर २ टक्के, मार्जिन कमी असलेल्या धंद्यात हे पैसे रिफंड येईपर्यंत अडकतात. आणि १ एप्रिल २०२५ पासून पार्टनरचा मोबदला आणि व्याज मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेलं की एलएलपीनेच १० टक्के टीडीएस कापून भरायचा, म्हणजे माझा टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरून ते मागे आणायचे.

तक्रारी म्हणाल तर आहेत. रिटर्नच्या सीझनमध्ये मॅडमचा फोन लागत नाही म्हणजे नाही, असिस्टंट "मॅडम बघून कळवतील" एवढंच म्हणतो आणि दोन-दोन दिवस जातात, नवीन धंदेवाल्याचा जीव टांगणीला लागतो. बसायला जागा पण अपुरी, बाहेर जिन्यात उभं राहावं लागतं. गाडी नेऊ नका, स्टेशनवरून चालत जा. फी एजन्सीच्या पॅकेजपेक्षा जास्त आहे पण मला ती अजिबात खटकली नाही, कारण एजन्सीने फॉर्म भरून दिले असते, इथे आमच्या घरचा हिशोब बघून निर्णय झाला.

जाताना दोघा-तिघा पार्टनरची पॅन, आधार, जागेचं लाइट बिल आणि मालकाची एनओसी न्या, कुणी नोकरीत असेल तर त्याचा फॉर्म १६ (पगार आणि त्यावर कापलेल्या टॅक्सचा दाखला) पण न्या, मॅडम तो पहिला मागतात. जून-जुलै आणि सप्टेंबर टाळा, शनिवारी सकाळी अपॉइंटमेंट घेऊन गेलात तर त्या खरंच वेळ देतात.