घरचा सिम्युलेटर आणि विद्यार्थी वैमानिक : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्यात ढग खाली उतरले की प्रशिक्षण संस्थेतील उड्डाणांचे तास आपोआप घटतात आणि माझ्यासारखा सीपीएलचा (व्यावसायिक वैमानिक परवान्याचा) विद्यार्थी कोल्हापूरला घरी येऊन डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षांची पुस्तके उघडतो. या खंडात सराव तुटू नये म्हणून मी योक (विमानाचे हाताने धरायचे चक्र), थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा), रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायांची पेडल) आणि संगणकावरील सेसना 172 हे छोटे विमान असा घरच्या सिम्युलेटरचा, म्हणजे उड्डाणाचा आभास देणारा, मध्यम किमतीचा संच घेतला. आता काही महिने तो नियमित वापरून झाल्यावर एवढे निश्चित सांगता येते की, कामांचा क्रम अंगवळणी पाडण्यासाठी हे साधन उत्तम आहे, परंतु विमान हातात बसण्यासाठी त्याचा उपयोग थोडाच, आणि काही बाबतींत तर ते उलटे वळण लावते.

नियमाची बाजू आधी स्पष्ट करतो. सीपीएलसाठी एकूण 200 तासांचे उड्डाण लागते. त्यात उपकरणांच्या आधारे करायच्या 10 तासांपैकी जास्तीत जास्त 5 तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. घरच्या संचावरचे एक मिनिटही लॉगबुकात जात नाही.

सर्किटच्या, म्हणजे धावपट्टीभोवती आयताकृती फेरी मारून पुन्हा उतरण्याच्या सरावासाठी मी आपला कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळच निवडला. 25 क्रमांकाच्या धावपट्टीवरून वर उठले की पुढे उजव्या अंगाला रंकाळा दिसतो. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फूट असल्यामुळे जमिनीपासून हजार फुटांवरचे सर्किट उंचीमापकावर 3000 च्या आसपास ठेवावे लागते, आणि हा हिशेब डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यावर) वळताना आपोआप सुचला पाहिजे. तापमान 35 अंश ठेवले तर घनता-उंची (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) 4900 फुटांच्या घरात जाते. धावपट्टीवरची धाव लांबते, चढण्याचा वेग मंदावतो. लेखी परीक्षेसाठी पाठ केलेले सूत्र असे डोळ्यांसमोर उभे राहिले की पुन्हा पाठ करावे लागत नाही. क्लासमध्ये प्रश्नसंच घोकून घेण्यावरच भर होता, त्यामुळे सूत्रांचा अर्थ समजण्याची उणीव मला जास्त जाणवली होती.

पॉजच्या बटणाला हात लावू नये, कारण आकाशात विमान थांबवता येत नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. सुरुवातीच्या काळात याच बटणाने मला सर्वाधिक शिकवले. बेसवर (उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर) वळण्याआधी चित्र थांबवायचे, वेग, उंची, फ्लॅपची (पंखांमागील खाली झुकणाऱ्या पट्ट्यांची) स्थिती आणि यानंतरची कृती मोठ्याने सांगायची, आणि मगच पुढे जायचे. खऱ्या विमानात तासाला पाच आकडी रक्कम मोजत असताना इतका विचार करायला उसंत मिळत नाही. क्रम पक्का झाल्यावर मात्र पॉज बंद केला पाहिजे, हे मान्य.

आता दोषांकडे वळतो. सर्वांत मोठा दोष ट्रिमचा, म्हणजे योकवरचा दाब काढून टाकणाऱ्या सोयीचा आहे. खऱ्या सेसनात नाक स्थिर धरताना योकवर दाब जाणवतो आणि तो दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवायचे असते; म्हणजे ट्रिम कधी पुरे झाले हे हाताला कळते. घरच्या योकमध्ये स्प्रिंग असते, जी त्याला कायम मध्यावर ओढते. ट्रिम फिरवत असतानाच हात त्या प्रमाणात सैल सोडावा लागतो आणि नजर उंचीमापकावर खिळते. ही कसरत केवळ सिम्युलेटरपुरती कामाची आहे. विमानात ती अडचणच ठरते. लँडिंगच्या फ्लेअरचेही (जमिनीला टेकण्याआधी नाक हलकेच वर उचलण्याचेही) तसेच आहे. धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे पाहताना जमीन किती जवळ आली हे डोळ्यांच्या कडांना जाणवते, आणि एका पडद्यावर त्या कडाच नसतात.

दुसरी गोष्ट उपकरणांकडे टक लावून बसण्याची. सिम्युलेटरवरून आलेला विद्यार्थी आमचे प्रशिक्षक सर पहिल्याच फेरीत ओळखतात, कारण त्याचे डोके खाली असते. अमेरिकेत प्रशिक्षकांना मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांच्या नावाशी जोडलेले शिकण्याचे नियम शिकवतात. त्यांतला एक असा की, प्रथम जे शिकले जाते ते खोल रुजते आणि चुकीचे असेल तर उपटायला कठीण जाते. त्यावर उपाय साधा निघाला : पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून पडद्यावरच्या वेगमापकावर आणि उंचीमापकावर चिकटवले, आणि क्षितिजाच्या तुलनेत नाक कोठे आहे आणि इंजिनाचा आवाज कसा आहे एवढ्यावरच सर्किट पूर्ण केले.

1917 मध्ये इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे ब्रिटिश वैमानिक-प्रशिक्षक रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी दुहेरी नियंत्रणांच्या ॲव्हरो 504 विमानात विद्यार्थ्याच्या हाती विमान देऊन, बोलण्याच्या नळीतून त्याला कारणे समजावून सांगण्याची पद्धत रूढ केली. घरच्या संचात प्रशिक्षकाचा हा आवाजच नाही. म्हणून मी पडद्याचे रेकॉर्डिंग सरांना पाठवतो. ते लांबलचक टीका करत नाहीत, “फायनलवर (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यावर) वेग का वाढला? आधी काय बदलले होतेस?” एवढेच विचारतात, आणि उत्तर शोधण्यासाठी मला तेच सर्किट पुन्हा पाहावे लागते. हा दुवा नसता तर संचाला मी निम्मेही गुण दिले नसते.

इंजिन बंद पडल्यावरच्या कृतींसाठी मात्र संगणकाची गरजच पडली नाही. कॉकपिटचे मोठे छायाचित्र छापून भिंतीवर लावले, समोर खुर्ची टाकली आणि 68 नॉट वेगाचा ग्लाइड (इंजिनाविना तरंगत उतरणे), उतरण्याची जागा, इंधनाची टाकी निवडणारा खटका, इंधन-हवेचे मिश्रण, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी देणारे यंत्र) असे बोट ठेवत, रेडिओवरचे बोलणेही मोठ्याने करत गेलो. घरच्यांनी काही दिवस काळजीने पाहिले, मग सोडून दिले.

खरेदी करणाऱ्यांनी मोठ्या पडद्याआधी रडर पेडलवर पैसे घालावेत. चढताना उजवा पाय दाबून विमान बाजूला घसरते का हे दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मध्यावर ठेवायचा असतो, आणि केवळ योक फिरवून शिकलेल्याचा हा पाय झोपलेलाच राहतो. पेडल गुळगुळीत फरशीवर मागे सरकतात, चाकांची खुर्चीही उलट्या दिशेला पळते. त्यामुळे चाके नसलेली लाकडी खुर्ची घ्यावी आणि पेडलखाली फळी घालून ती भिंतीला टेकवावी.