एक थेंब की एक ड्रॉपर?

कंबर दुखायची म्हणून ओळखीतल्या एका बाईंकडून कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब घेतले. बाई स्वतःला न्यूट्रिशन कोच म्हणवतात. शिक्षण काय, हे मी विचारलं नाही. मला कोणती औषधं चालू आहेत, हे त्यांनीही विचारलं नाही.

"रोज एक ड्रॉपर भरून घ्या," एवढंच म्हणाल्या. चार महिने घेतलं.

तिसऱ्या महिन्यात सारखी तहान लागायला लागली. रात्री चार-पाचदा लघवीला उठायचे, पोट साफ होईना, जेवण नकोसं झालं. प्रत्येक तक्रारीवर बाईंचं उत्तर तयार असायचं. "ताई, शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे. मध्येच सोडू नका." मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो. त्रास वाढला तरी तो गुण येत असल्याचीच खूण, मग माणसानं थांबायचं कधी?

शेवटी चक्कर येऊन पडले. रक्तात कॅल्शियम खूप वाढलेलं, क्रिएटिनिनही चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांवरही ताण आलेला. डॉक्टरांनी घरून बाटली मागवली, लेबल डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "थेंब घेत होता की ड्रॉपर?" एका थेंबात २,००० युनिट, ड्रॉपरमध्ये साधारण २५ थेंब. म्हणजे रोज ५०,०००! मोठ्या माणसानं स्वतःच्या मनानं दिवसाला ४,०००च्या वर जाऊ नये, असं ते म्हणाले. त्यात माझी रक्तदाबाची गोळी थायाझाइड प्रकारातली. ती कॅल्शियम लघवीवाटे फारसं जाऊ देत नाही. आणि वरून कॅल्शियमच्या गोळ्या चालूच होत्या.

सलाइन लावावं लागलं. थेंब बंद केले तरी हे लगेच उतरत नाही, कारण ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं. क जीवनसत्त्वासारखं जास्तीचं लघवीतून निघून जात नाही. दोन महिने झाले, रक्ततपासण्या अजून संपलेल्या नाहीत.

"हे काय औषध थोडंच आहे" म्हणून मी डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही असं काही घेत असाल तर सगळ्या बाटल्या पिशवीत घालून त्यांच्यासमोर ठेवा, आजच.

बाईंना जाब विचारला, तर "तुमची प्रकृतीच नाजूक" म्हणाल्या. त्यांच्याकडून थेंब घेणाऱ्या आणखी दोघी मला माहीत होत्या. दोघींना फोन केला. त्यातली एक रोज ड्रॉपर भरूनच घेत होती.