पद्मिनीला इलेक्ट्रिक पंखा बसवायला गेलो आणि १७,३०० रुपये घालवले

नागपुरात जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. माझी प्रीमियर पद्मिनी १९८६ची, वडिलांनी घेतलेली. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर काटा लालकडे सरकतो, हे पद्मिनीवाल्यांना सांगायला नको. बेल्टवरचा पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरणार. गाडी उभी की हवा कमी. म्हणून इलेक्ट्रिक पंख्याचा विचार केला, आणि तो विचार मुळीच चुकीचा नव्हता. मारुती ८००चा पंखा बसवून नीट चालणाऱ्या पद्मिनी मी पाहिल्या आहेत.

मेकॅनिक ओळखीतून मिळाला. "काका, काहून टेन्शन घेता? इम्पोर्टेड पंखा टाकतो, इंजिन थंडगार राहीन." पंखा ९,८००, रिले (पंख्याचा जड करंट इग्निशन स्विचवर येऊ न देणारा वेगळा स्विच), थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा चालू करणारा) आणि वायरिंग मिळून ३,२००, रेडिएटर सर्व्हिसिंग १,८००, मजुरी २,५००. त्यातले १०,००० आधी यूपीआयने, तेही त्याच्या 'भावाच्या' नंबरवर. उरलेले ७,३०० गाडी परत घेताना रोख. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान. जीएसटी नंबर नसलेल्या कागदावर एक रुपयाही देऊ नका.

गाडी घ्यायला गेलो तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. पंख्याच्या जाळीला हात लावला तर बोट काळं झालं. रंग ओला होता! नव्या पंख्याला रंग कोण देतं? विचारलं तर म्हणे, गंज लागू नये म्हणून कोटिंग. बरं, इंजिन चालू असताना मी ग्रिलसमोर उभा होतो आणि गरम झळ माझ्या गुडघ्यांवर येत होती. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्याने समोरची हवा आत ओढायला हवी. हा बाहेर फेकत होता, तारा उलट्या जोडल्या होत्या. झळ मला लागत होती आणि मला वाटलं, इंजिन गरम आहे म्हणून असेल. पण मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, वायरिंग नाही केलं. पंखा जोरात फिरतोय, मेकॅनिक छातीठोकपणे सांगतोय, अशा वेळी साधा माणूस विश्वासच ठेवतो. तुम्ही मात्र ग्रिलवर वर्तमानपत्राचा कागद धरून बघा. चिकटला तर ठीक, उडाला तर तिथेच थांबा.

वर्धा रोडवर बुटीबोरीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि बोनेटमधून वाफ, डॅशबोर्डखालून जळका वास. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, इग्निशन स्विच वितळला. हेड फेसिंग, गॅस्केट, स्विच, वायरिंग मिळून आणखी १४,६५० रुपये.

दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने माझ्यासमोर रिलेचा काळा डबा उघडला. आत काहीच नाही. एका बाजूने वायर आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये पीळ मारून टेप. थर्मोस्विच रेडिएटरवर बसवलेला, पण त्याची वायर टेपखाली मोकळी. पंख्याचा सगळा करंट थेट इग्निशन स्विचमधून. रंग खरवडला तर खाली भंगारातल्या मारुतीचा पंखा. रेडिएटर तर खोललाच नव्हता, खालच्या नळ्यांत क्षार तसाच.

त्याने आणखी एक सांगितलं, जे पहिल्याने आधी सांगायला हवं होतं. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन मंद चालू असताना, जेमतेम चार्ज करतो, आणि पंख्याला करंट लागतो तो नेमका तेव्हाच. मंद वेगातही नीट चार्ज करणारा अल्टरनेटर नसेल तर आधी तो बसवा. रिले आणि फ्यूज झाकण उघडून डोळ्यांनी बघा.

पोलीस ठाण्यात गेलो. "सिव्हिल मॅटर आहे काका, कोर्टात जा नं." पक्की पावती दाखवा. पैसे दुसऱ्याच्या खात्यात का टाकले? म्हणजे चोर बाहेर आणि उलटतपासणी माझी! अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुन्हा गेलो तर साहेब बंदोबस्तात, नंतर अर्जच सापडेना. बँक म्हणते तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. रिकामा डबा टेबलावर ठेवला तर हवालदाराने तो उचलूनही बघितला नाही. ज्येष्ठ नागरिकाला उन्हात हेलपाटे घालायला लावायचे आणि शेवटी "समझोता करून घ्या" म्हणायचं, हा कुठला न्याय? रिकाम्या डब्याचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे?

अर्जाची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. मी आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयचा स्क्रीनशॉट, वहीचं पान, डबा उघडतानाचा व्हिडिओ, सगळं जोडलं. १९१५ या हेल्पलाइनवरही नोंद केली आहे.

आणि काढलेले जुने भाग त्याच दिवशी घरी आणा. माझा मूळ पंखा त्याने "भंगार आहे" म्हणून ठेवून घेतला आणि विकला. कोणाकडे पद्मिनीचा मूळ पंखा असेल तर कळवा. किंमत योग्य देईन, पण वस्तू हातात आल्यावर.