छोटा लेथ, लाकडी वाडगे आणि काही महिन्यांचा अनुभव

लाकूड कातायचा छोटा लेथ (लाकूड फिरतं ठेवून पटाशीने गोल आकार द्यायचं मशीन) घेताना बहुतेकांची नजर पत्रकावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे जाते. कमाल वेग, मिनिटाला साडेतीन हजार फेरे, वगैरे. काही महिने माझ्या लेथवर जवळजवळ फक्त वाडगे कातल्यावर माझं मत असं झालंय की वाडग्याच्या कामात हा आकडा शोभेचा आहे. बघायचा तो खालचा आकडा. लेथ किती सावकाश फिरतो आणि सावकाश फिरताना त्याच्यात जोर उरतो का, यावर ओबडधोबड ठोकळा गोल करणं, पॉलिश पेपर मारणं आणि शेवटचं तेल-मेण ही तिन्ही कामं अवलंबून आहेत. वाडग्याचा बहुतेक वेळ याच तीन कामांत जातो.

माझा लेथ टेबलावर बसणारा आहे. ३०० मिलिमीटर व्यासापर्यंतचं लाकूड बेडवर (मशीनच्या खालच्या आडव्या पायावर) फिरेल असा, पाऊण हॉर्सपॉवरची मोटर, मोटरच्या पट्ट्याला वेगवेगळ्या वेगांच्या तीन पायऱ्या आणि वेग कमी-जास्त करायला फिरतं बटण. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घडणीची मशिनं वेगवेगळ्या रंगांत आणि नावांनी मिळतात, आणि खाली जे लिहितोय ते त्या सगळ्यांना कमी-अधिक लागू पडेल.

३०० मिलिमीटर हे कागदावरचं माप. तेवढा ठोकळा बेडला न घासता फिरेल, इतकाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात आठ इंचांपर्यंतचा वाडगा यावर सुखाने होतो, सहा इंचांचा तर मजेत. त्याच्या पुढे मोटर कुरकुरते आणि कच्चा ठोकळा जरा वाकडा असला की टेबल नाचायला लागतं. वेग दुप्पट केला की असमतोलाचा धक्का चौपट होतो, हे गणित डोक्यात पक्कं ठेवलेलं बरं. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवल्यावर थरथर बरीच कमी झाली. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच खरेदीने पडला नाही.

वेगाबद्दल कातकाम करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो: वाडग्याचा इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार ६,००० ते ९,००० मध्ये ठेवायचा. सहा इंचांच्या वाडग्याला म्हणजे १,००० ते १,५००. हा वेग गोल झालेल्या, समतोल लाकडासाठी. कोपरे निघायच्या आधी त्याच्या बराच खाली राहायचं. आठ इंचांचा वाडगा १,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याचा काठ ताशी ३८ किलोमीटरने पळतो. तोच साडेतीन हजारांवर नेला तर १३० च्या वर. एखादा तडा गेलेला तुकडा त्या वेगाने सुटला तर काय होईल, हे सांगायला नको. साध्या चष्म्याने भागत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढालच हवी. आणि मशीन सुरू करताना लाकडाच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही.

पट्टा बदलायचा मला सुरुवातीला कंटाळा यायचा, बहुतेकांना येतोच. पट्टा वरच्या, जास्त वेगाच्या पायरीवर ठेवून नुसतं बटण मागे फिरवलं की फेरे कमी होतात, पण मोटरची ताकदही त्याच प्रमाणात उतरते आणि पटाशी जरा खोल गेली की लाकूड जागीच थांबतं. पट्टा खालच्या पायरीवर घेतला तर मोटर आपल्या वेगाने फिरत राहते आणि स्पिंडलला (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याला) कमी फेऱ्यांत जास्त पीळ मिळतो. ठोकळा गोल करताना तो खालच्या पायरीवरच हवा. माझ्या मशीनचा किमान वेग पत्रकात २५० आहे, आणि पट्टा खाली असेल तरच त्या २५० ला काही अर्थ आहे.

मशीनबद्दल तक्रारी दोन. बंद करायचं बटण हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणाऱ्या डोक्याच्या) तोंडाशी आहे, त्यामुळे काही बिनसलं की हात नेमका फिरत्या लाकडाजवळून न्यावा लागतो. ही रचना ज्याने केली त्याने स्वतः वाडगा कातला नसावा. दुसरं, टूल रेस्ट (पटाशी टेकवायचा आधार) ज्या सरकत्या भागावर बसतो त्याची पकड घसरायची. खालचा नट थोडा आवळल्यावर ते थांबलं. टूल रेस्ट स्वतः मऊ बिडाचा आहे, पटाशीच्या दांड्याने त्याला बारीक खाचा पडतात आणि मग हत्यार सरकताना अडखळतं. अधूनमधून कानस फिरवून वर थोडं मेण चोळलं की परत गुळगुळीत. टेलस्टॉकचं (समोरून लाकूड दाबून धरणाऱ्या भागाचं) टोक हेडस्टॉकच्या टोकाला नीट भिडतं, ते घेतल्या दिवशीच तपासलं होतं. घेणाऱ्याने दुकानातच हे करून बघावं.

लेथबरोबर चक (जबड्यांनी लाकूड पकडणारा भाग) येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि तो नसेल तर वाडग्याचं काम फेसप्लेटवर, म्हणजे लाकूड स्क्रूने बसवायच्या चकतीवर, रडतखडत होतं. मी चार जबड्यांचा, एकत्र आवळला जाणारा चक घेतला. त्यात धरायला वाडग्याच्या बुडाशी जो छोटा गोल भाग ठेवतात, त्या टेननवर सगळी सुरक्षितता टांगलेली असते. चकाचे जबडे एकाच मापाला खरे वर्तुळ होतात, साधारण जवळजवळ मिटलेले असताना. टेनन त्या मापाच्या जवळ असेल तर पकड सगळीकडून बसते, फार मोठा असेल तर फक्त जबड्यांचे कोपरे रुततात. टेननचं टोक चकाच्या तळाला टेकता कामा नये. वाडग्याचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे, नाहीतर लाकूड डुलतं आणि दोष पटाशीला दिला जातो. टेननची रुंदी वाडग्याच्या व्यासाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असली की मला निर्धास्त वाटतं. खोडाचा मधला बिंदू टेननमध्ये आलेला चालत नाही, तिथूनच तडा सुरू होतो.

आता हत्यारं. मशीनबरोबर पटाश्यांचा जो संच मिळाला, त्यात एक रुंद, पन्हाळीसारखी रफिंग गाउज (गाउज म्हणजे खोबणीची पटाशी) आहे. ती वाडग्याला लावायची नाही, कधीच. ती लांबट दांड्यांसाठी असते. तिची शेपटी मुठीत शिरते तिथे सपाट आणि बारीक असते, आणि वाडग्यात अडकली तर तिथूनच मोडते. वाडग्याला बाउल गाउज लागते, गोल भरीव सळईतून काढलेली, खोल खोबणीची. मापात एक घोळ आहे: ब्रिटिश पद्धतीत खोबणीची रुंदी सांगतात, अमेरिकन पद्धतीत दांड्याची जाडी. त्यामुळे ब्रिटिश तीन अष्टमांश इंच आणि अमेरिकन अर्धा इंच हे एकच हत्यार असू शकतं. मी तेच घेतलं आणि दुसऱ्या मापाची गरज अजून पडलेली नाही.

कातताना आधी धारेमागचा उतार लाकडाला टेकवायचा, मग मूठ हळूच उचलून धार खाली आणायची. उतार टेकलेला असेल तर धार खोल घुसू शकत नाही. लाकूड आडवं धरून, म्हणजे त्याच्या रेषा (तंतू) स्पिंडलला काटकोनात ठेवून, वाडगा करतात तेव्हा बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे जायचं. असं गेलं की कापल्या जाणाऱ्या रेषांना मागच्या लाकडाचा आधार मिळतो. उलट गेलात की रेषा उपटल्या जातात. तरी प्रत्येक फेऱ्यात दोन जागा अशा येतात जिथे रेषांची उघडी टोकं समोर येतात, आणि खरखरीतपणा हटकून तिथेच राहतो. त्यावर एकच उपाय मला लागू पडला: शेवटचा हात फिरवायच्या आधी पटाशीला ताजी धार, आणि मग केसाएवढा पातळ काप, घाई न करता. धार चांगली असेल तेव्हा लांब, सलग ढलप्या निघतात. भुसा उडायला लागला की ग्राइंडरकडे जायची वेळ झाली.

आतली बाजू कोरताना क्रम महत्त्वाचा. वरची इंचभर भिंत हव्या त्या जाडीला आणून पूर्ण करायची, मगच खाली उतरायचं, मध्यातलं लाकूड तोवर तसंच राहू द्यायचं. ते लाकूड भिंतीला ताठ ठेवतं. मध्य आधी पोकळ केला की काठ लवतो, थरथरतो आणि पुन्हा वर येऊन सुधारायला गेलं तर पटाशी झटका मारते. अगदी मध्याशी लाकडाचा वेग शून्याच्या जवळ असतो, म्हणून तिथे हात सावकाश न्यायचा, नाहीतर एक टेंगूळ किंवा खड्डा राहतो. खोली मोजायची भानगड नको म्हणून मी सुरुवातीलाच ड्रिलने मध्यात हवं तेवढं भोक पाडून घेतो. ते भोक दिसेनासं झालं की थांबायचं.

धारेवर जितका वेळ जाईल असं वाटलं होतं, त्याच्या कितीतरी पट गेला. हाताने दर वेळी वेगळाच कोन येतो, आणि प्रत्येक वेळी जास्त स्टील खाल्लं जातं. पटाशी एकाच कोनात धरायचा जिग (साचा) घेतल्यावर धार लावणं दोन मिनिटांचं काम झालं. हायस्पीड स्टील घासताना निळं पडलं तरी घाबरायचं कारण नाही, ते तापून मऊ पडत नाही. फक्त गरम असताना पाण्यात बुडवू नये, बारीक तडे जातात. जुन्या कार्बन स्टीलच्या पटाश्यांचं मात्र उलटं, त्या निळ्या पडल्या की धारेचं पाणी उतरलंच, ती मऊ पडते.

ओलं लाकूड मिळालं तर ते कापायला सुखाचं, ढलप्या रिबिनीसारख्या उडतात. पण सुकताना ते आपल्या मर्जीने वागतं. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जितकं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं त्याच्या साधारण दुप्पट असतं, आणि लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गोल वाडगा अंडाकृती होतो तो यामुळे. म्हणून ओल्या लाकडाचा वाडगा दोनदा कातायचा. पहिल्या खेपेला भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवायची, आठ इंचांना पाऊण इंचाच्या वरच, उघड्या रेषांवर मेण लावायचं आणि कागदी पिशवीत त्याच्याच ढलप्यांत पुरून ठेवायचं. वजन उतरायचं थांबलं की सुकलं. टेननही अंडाकृती झालेला असतो, तो पुन्हा गोल करून घ्यावा लागतो, म्हणून पहिल्यांदा जरा मोठाच ठेवावा.

आता पॉलिश पेपर, आणि परत तो खालचा आकडा. वेगात पेपर लावला तर तो कापत नाही, नुसता तापतो, आणि उघड्या रेषांवर उष्णतेने बारीक तडे पडतात. ३०० ते ५०० फेऱ्यांत पेपर जास्त लवकर काम करतो. हे आधी पटत नाही. पेपरचे नंबर १२०, १८०, २४०, ३२०, ४०० (नंबर मोठा तसा पेपर बारीक) हा क्रम, मधली पायरी गाळायची नाही. १२० चे ओरखडे ३२० ने निघत नाहीत, ते फक्त चकचकीत होतात आणि तेल लावल्यावर अंगठ्या-अंगठ्यांसारखे उठून दिसतात. प्रत्येक पायरीनंतर मशीन थांबवून, बाजूने उजेड टाकून बघायचं आणि रेषेच्या दिशेने हाताने दोन-चार हात मारायचे. माझ्या लेथला उलटं फिरायची सोय आहे. त्याने दबलेले रेषे उभे राहून कापले जातात, पण चकाचा अडकस्क्रू आवळलेला नसेल तर उलट्या फेऱ्यात चक सुटून येतो.

लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. या कामात मास्क न लावणारे लोक बघितले की मला चीड येते.

तेल-मेणाचं काय काय वापरलं ते थोडक्यात. लाख, मेण आणि तेलाचं घर्षणाने चढणारं पॉलिश लेथवरच काही मिनिटांत आरशासारखी चमक देतं, फोटोसाठी उत्तम. रोज हाताळलेल्या वाडग्यावर मात्र ते काही आठवड्यांत निस्तेज झालं, आणि पाण्याचा थेंब राहिला तिथे पांढुरका डाग आला. शोभेच्या वस्तूला लावा, बाकी कशाला नको. मिनरल ऑइल कधीच सुकत नाही, लाकडात मुरतं आणि धुतलं की हळूहळू निघून जातं. परत लावणं सोपं, एवढाच त्याचा गुण. मी आता टंग ऑइलवर (टंग झाडाच्या बियांचं तेल) स्थिरावलोय. अगदी पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून टाकायचं, एक रात्र जाऊ द्यायची, मग पुढचा हात. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पूर्ण पक्कं व्हायला काही आठवडे लागतात, आणि चमक मंद येते. वरून मेण लावायचं असेल तर मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, त्यामुळे बोटांचे ठसे उमटतात. कार्नोबा नावाचं वनस्पतीजन्य मेण ८० अंशांच्या पुढे वितळतं, ते टिकतं, पण नुसतं लावायला फार कडक आहे. दोन्ही मिसळून लावतो.

फिरत्या लाकडाला तेल लावायला कापड वापरायचं नाही, टिश्यू पेपर वापरायचा. तो अडकला तर फाटतो, कापड बोटं घेऊन आत जातं. आणि जवसाच्या किंवा टंग तेलात भिजलेले कागद किंवा फडकी चुरगळून डब्यात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि ती साठून ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. मी ते दोरीवर सुटे पसरून पूर्ण कडक झाल्यावरच टाकतो.

शेवटी टेनन काढायचा. त्यासाठीचे खास जबडे मी अजून घेतलेले नाहीत. टाकाऊ लाकडाचा गोल ठोकळा चकात धरून वाडग्याच्या आतल्या आकाराचा कातला, मध्ये फोमचा तुकडा ठेवला, वाडगा उलटा टेकवला आणि मागून टेलस्टॉकने दाबून धरला की बुड कातता येतं. बुड किंचित आत घेतलं तर वाडगा फक्त कडेवर बसतो, डगमगत नाही. मध्ये टेलस्टॉकखाली जो बोटाएवढा खुंट राहतो तो छिन्नीने उडवून हाताने घासायचा.

पट्टा अजून मूळचाच आहे, बेअरिंगचा आवाज नाही. वेगाचं बटण धुळीने एकदा अडखळायला लागलं होतं. प्लग काढून, वारा मारून साफ केल्यावर ठीक झालं. तेव्हापासून पेपर मारताना व्हॅक्यूमचा नळ टूल रेस्टच्या मागे बांधतो.