कोल्डप्लेची चार तिकिटे आणि तीन हप्ते

१८ जानेवारी २०२५ च्या शनिवारी संध्याकाळी आम्ही चार मित्र नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होतो. आत कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम सुरू झाला होता, हजारो लोकांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि ज्या माणसाला आम्ही तीन हप्त्यांत ३८,००० रुपये दिले होते त्याचा फोन तासाभरापासून बंद होता. आम्ही चौघेही शिकलेले, कमावते आहोत. एक शाळेत शिक्षक आहे, एकाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचा कारखाना आहे, मी लेखापालाचे काम करतो आणि चौथा तर बँकेतच नोकरीला आहे. तरीही आम्ही फसलो. कसे फसलो हे क्रमाने लिहितो, कारण मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी सोलापूरसारख्या शहरांतून मुंबई-पुण्याला जाणारी मुले वाढत आहेत आणि हीच पद्धत त्यांच्यावरही वापरली जाईल.

हा वाद्यवृंद १९ नोव्हेंबर २०१६ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आला होता तेव्हा आम्ही महाविद्यालयात होतो आणि जाण्याइतके पैसे आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. त्यामुळे पुन्हा आले तर जायचेच, हे आमच्यात आठ वर्षे ठरलेले होते. २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता बुकमायशो या संकेतस्थळावर त्यांच्या नव्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा आम्ही चौघे जुळे सोलापुरातील एका मित्राच्या घरी चार फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पडद्यावर दिसणारा आमचा रांगेतला क्रमांक लाखांत होता. १८ आणि १९ जानेवारीच्या कार्यक्रमांना २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जोडला गेला, तरी आमच्या वाट्याला काही आले नाही. तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती आणि आम्हाला मैदानात उभे राहून पाहण्याचे ६,४५० रुपयांचे तिकीट हवे होते. अन्य कोणत्याही ठिकाणाहून तिकीट घेऊ नका, ते बनावट असू शकते, असे विक्री करणाऱ्या कंपनीने त्याच आठवड्यात जाहीर केले होते. ती सूचना आम्ही वाचली होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर एका तिकीटविषयक पोस्टखाली शिक्षक मित्राने ‘चार तिकिटे हवी आहेत’ असे लिहिले आणि दहा मिनिटांत त्याला एका खात्यावरून संदेश आला. समोरचा माणूस स्वच्छ मराठीत बोलत होता. आपण मूळचे बार्शीचे, सध्या पुण्यात नोकरीला, बहिणीचे लग्न त्याच दिवशी ठरल्यामुळे चारही तिकिटे द्यायची आहेत, असे त्याने सांगितले. आम्ही सोलापूरचे आहोत हे कळताच त्याने विचारले, “गड्ड्याची तयारी सुरू झाली का दादा? यंदा नंदीध्वज बघायला येणं होणार नाही.” या एका वाक्याने आमची निम्मी शंका गेली, हे मी आज स्पष्टपणे मान्य करतो. गड्ड्याबद्दल, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेबद्दल, आपुलकीने विचारणारा माणूस आपल्याला लुबाडेल, हे आमच्या मनातच आले नाही. आमच्या प्रोफाइलवर होम मैदानावरचे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो उघडे होते आणि ते पाहून हे वाक्य कोणीही जुळवू शकला असता, हे फार उशिरा लक्षात आले.

त्याने प्रत्येक तिकिटाचे ९,५०० रुपये सांगितले. ही रक्कम मुद्दाम बेताची ठेवलेली होती असे मला आता वाटते, कारण तीस-चाळीस हजार मागणाऱ्या काळ्या बाजारवाल्यांपेक्षा तो गरजू आणि प्रामाणिक वाटला. त्याने हातात धरलेल्या तिकिटांचा फोटो पाठवला, त्यात तिकिटावरच्या स्कॅन करायच्या कोडवर अंगठा ठेवलेला होता. ‘कोड दिसला तर कोणीही नक्कल काढेल, तुमच्याच सुरक्षिततेसाठी झाकला आहे,’ असे त्याचे म्हणणे होते, आणि ते आम्हाला शहाणपणाचे वाटले. वास्तविक कोड झाकलेल्या तिकिटाच्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण असे फोटो समाजमाध्यमांवरून कोणालाही उचलता येतात. ओळख म्हणून त्याने आधार कार्डाचा फोटो दिला. मग त्याने आमच्याकडेही एक आधार मागितले, ‘तिकीट कोणाला देतोय ते मलाही माहीत हवे ना’ असे म्हणून, आणि कारखानदार मित्राने आपल्या कार्डाचा फोटो पाठवला. या चुकीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

पहिला हप्ता १०,००० रुपयांचा होता. यूपीआयवर रक्कम भरताना पडद्यावर बँकेत नोंदलेले नाव दिसते, आणि ते नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हते. विचारल्यावर ‘भावाचे खाते आहे, माझी मर्यादा संपली’ असे उत्तर आले. १३ जानेवारीला दुसरे गिऱ्हाईक जास्त पैसे देते आहे, तुम्ही अजून १२,००० भरलेत तर मी त्याला नाही म्हणतो, असा निरोप आला. या वेळी तिसरेच नाव दिसले. बँकेतल्या मित्राने तेव्हा थांबू या असे म्हटले होते, परंतु आम्ही बाकीच्यांनी त्याला गप्प केले, कारण थांबलो असतो तर आधीचे १०,००० बुडाले असते. या सगळ्या प्रकारातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. पहिला हप्ता आम्ही तिकिटासाठी दिला, दुसरा पहिला वाचवण्यासाठी दिला आणि तिसरा पहिले दोन वाचवण्यासाठी. तिकीट खरे आहे का, हा प्रश्न दुसऱ्या हप्त्यापासून आमच्यात कोणी विचारलाच नाही.

शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो. गाडीत झोप कोणालाच नव्हती, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे आम्ही पहाटेपर्यंत बोलत होतो. कल्याणला उतरून एका मित्राच्या मामांकडे आंघोळ आणि जेवण केले, आणि दुपारी ठाण्याहून नेरूळची लोकल पकडण्याच्या बेतात असताना त्याचा फोन आला. आपला माणूस तिकिटे घेऊन स्टेडियमपाशी उभा आहे, गर्दीत रोख घेणे धोक्याचे आहे, म्हणून उरलेले १६,००० आत्ताच पाठवा, असे तो म्हणाला. आम्ही ठाण्याच्या फलाटावर उभे राहून ते पाठवले. खात्यावर पुन्हा नवे नाव होते. नेरूळला पोहोचल्यावर त्याने जागा तीनदा बदलली, मग ‘सुरक्षा ठेव’ म्हणून आणखी ४,००० मागितले. बँकेतल्या मित्राने फोन हातात घेऊन आधी तिकीट दाखवा असे ठामपणे सांगितले, तेव्हा फोन तुटला आणि पुन्हा लागला नाही.

त्यानंतर आम्ही जे केले ते पैसे देण्याइतकेच चुकीचे होते. बँकेतला मित्र तिथल्या तिथे १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर फोन करू या म्हणत होता. आम्ही मात्र तो परत फोन करील, गर्दीमुळे नेटवर्क नसेल, अशा आशेवर कार्यक्रम संपेपर्यंत उभे राहिलो आणि लोक हसत, गात बाहेर पडू लागल्यावर तिथून निघालो. रविवार परतीच्या प्रवासात आणि घरच्यांना काय सांगायचे या विचारात गेला. तक्रार झाली ती सोमवारी सकाळी, सोलापूर शहरच्या सायबर पोलीस ठाण्यात.

तेथील अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, पैसे गेलेली यूपीआय ओळख, वेळ, संभाषणाचे स्क्रीनशॉट असे सर्व मागितले. संभाषण आम्ही पुसले नव्हते, एवढेच बरे झाले. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात काही वेळातच फिरवले जातात आणि एटीएममधून काढले जातात, म्हणून तक्रार तासाभरात झाली तर वाटेतल्या एखाद्या खात्यात रक्कम रोखली जाण्याची शक्यता बरीच असते, असे त्यांनी समजावले. आमच्या तिसऱ्या हप्त्यातील ५,९०० रुपये एका खात्यात रोखले गेले आणि ते परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. बाकीचे ३२,१०० रुपये गेले. बँक भरपाई देईल का, असे मी आमच्या मित्राला विचारले होते. तिसऱ्याच कोणी खात्यात शिरून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण मिळते, पण येथे पिन आपणच घालून आपणच पैसे पाठवले आहेत, असे त्याने तेव्हा सांगितले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड यांखाली असा गुन्हा दाखल होतो. तो माणूस मात्र अजून सापडलेला नाही, आणि त्याने पाठवलेले आधार कार्ड भलत्याच कोणाचे तरी निघाले.

गुरुवारी, २३ जानेवारीला, कारखानदार मित्राला इन्स्टाग्रामवर जळगावच्या एका विद्यार्थ्याचा संदेश आला. अहमदाबादच्या २५ जानेवारीच्या कार्यक्रमाची दोन तिकिटे त्याला कोणीतरी विकत होते आणि विक्रेत्याने ओळख म्हणून माझ्या मित्राचे आधार कार्ड पाठवले होते. कार्डावरचे नाव शोधत तो मुलगा योग्य माणसापर्यंत पोहोचला होता. “दादा, हे तुम्हीच ना? तिकिटं खरी आहेत ना? मी ५,००० पाठवलेत, उरलेले आज मागतायत,” असे त्याने लिहिले होते. मित्राने त्याला लगेच फोन लावला, एक रुपयाही आणखी पाठवू नकोस असे सांगितले, आणि तो घाबरून रडू लागला तेव्हा ‘बाळा, आधी वडिलांना उठव आणि त्यांच्या फोनवरून १९३० लाव, मी इकडे बोलत राहतो’ असे म्हणून त्याचा तक्रार क्रमांक येईपर्यंत फोन धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी मित्राने पुन्हा सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या कार्डाचा गैरवापर होत असल्याचा लेखी अर्ज दिला. त्या कार्डाचा फोटो आजही कोणाच्या तरी फोनमध्ये आहे.