प्रायोजक की सभासद? छोट्या संगीत महोत्सवाच्या पैशांबद्दल

शंभर-दीडशे खुर्च्यांचं सभागृह, माईकशिवाय वाजणारी वाद्यं, एका संध्याकाळी सारंगी आणि तिच्यापाठोपाठ स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि आकाराने मोठा चेलो, असा चौघांचा पाश्चात्त्य संच), दुसऱ्या दिवशी जॅझ पियानोसोबत पखवाज. असा महोत्सव पुण्यात, नाशकात किंवा पणजीत भरवायचं मनात असेल, तर नुसत्या तिकिटांवर भागत नाही हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. मग मुख्यतः उरतात दोन वाटा: कंपनीचं प्रायोजकत्व किंवा वार्षिक सभासद. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे.

तिसरी वाट ऑनलाइन लोकवर्गणीची. त्या संकेतस्थळांवर आपलं आवाहन कुणाच्या तरी बाळाच्या शस्त्रक्रियेच्या आवाहनाशेजारी झळकतं. तिथे चेलोवादकाच्या प्रवासखर्चासाठी हात पसरायला मला तरी जड जातं. शिवाय ‘न्यू जर्सीतले आपले लोक देतील की!’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक समितीत असतो. त्या आपल्या लोकांकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, ती देणगी कायद्याने परकीय ठरते. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असून तेवढ्या काळात तिने कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नव्या संस्थेने तो नाद सोडलेला बरा.

प्रायोजकाचं मोठं सुख म्हणजे एकरकमी पैसा. एक बैठक जमली की सभागृहाचं भाडं, पियानोचं भाडं, ट्यूनिंग, कलाकारांची राहण्याची सोय, सगळं एका फटक्यात सुटतं. पुष्कळांना सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाची, आशा असते, कारण २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृतीचा उल्लेख आहे. पण सीएसआरच्या नियमांत, स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही असंही आहे. एकदाच होणारे कार्यक्रम त्यात मोजू नयेत, असं परिपत्रक कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४मध्येच काढलं. शिवाय संस्थेची बारा-ए (संस्थेला करसवलत), ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-वन (सीएसआरचा पैसा घेण्याची नोंदणी) ही कागदपत्रं हवीत. तेव्हा शेवटी आपण मार्केटिंग विभागाचंच दार ठोठावतो. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे नक्की कोणतं म्युझिक?’ शास्त्रीयला एक बजेट, तरुणांच्या कार्यक्रमांना दुसरं. सारंगी आणि क्वार्टेट एकाच संध्याकाळी म्हटलं की समोरचा माणूस फाइल कुठल्या कप्प्यात ठेवायची या विचारात पडतो.

हे निभावता येतं. पैसा उशिरा येतो, तेही निभावता येतं: आधी व्हेंडर म्हणून नोंदणी, मग पर्चेस ऑर्डर, कार्यक्रम झाल्यावर बिल, मग टीडीएस कापून रक्कम. तोवर कलाकारांच्या विमानाची तिकिटं आपल्याच खिशातून. आमच्या प्रायोजकाच्या अकाउंट्स विभागाने तर चार वादकांची पाच तिकिटं कशी म्हणून बिल परत पाठवलं. पाचवं तिकीट चेलोचं होतं. ते सामानात टाकता येत नाही, त्याला शेजारची सीट घ्यावी लागते. हे पटवून द्यायला ईमेलची बरीच देवाणघेवाण झाली, पण पैसे मिळाले. तक्रार नाही.

माझं मन फिरलं ते एलईडीच्या भिंतीवरून. करारात एक ओळ होती: मंचामागे प्रायोजकाचं चिन्ह सतत दिसलं पाहिजे. कापडी फलक चालणार नव्हता, फोटोत उठून दिसत नाही म्हणून. पुष्कळ एलईडी पॅनलच्या मागे गार ठेवणारे पंखे असतात. साउंड सिस्टिमवरच्या मोठ्या कार्यक्रमात ते कुणाच्या कानावरही जात नाहीत. आमच्या सभागृहात सारंगीचा आलाप सुरू झाला आणि तंबोऱ्याच्या षड्जापेक्षा किंचित चढा असा एक घुंई आवाज मागून येत राहिला. वादकाने दोनदा तंबोरा लावून पाहिला, मग मागे वळून त्या भिंतीकडे बघितलं. मध्यंतरात मी पॅनल बंद करायची विनंती केली. प्रायोजकाच्या माणसाचं उत्तर अगदी नम्र होतं: ‘सर, डिलिव्हरेबल आहे.’ म्हणजे करारात ठरलेली गोष्ट. पुढे क्वार्टेटच्या संथ भागात, जिथे चौघंही जवळजवळ श्वासाइतकं हळू वाजवतात, तिथे सगळ्यात ठळक ऐकू येत होता तो पंखा. त्यात प्रायोजकांचा काही दोष नव्हता. त्यांना दिसण्याचे पैसे द्यायचे होते आणि आम्ही ऐकण्याचा कार्यक्रम केला होता.

सभासदांचं तसं नाही. हिशेब साधा आहे: १२० सभासद, प्रत्येकी २,५०० रुपये, झाले तीन लाख, तेही कार्यक्रमाआधी बँकेत. गावोगावच्या म्युझिक सर्कल याच रीतीवर चालत आल्या, त्यामुळे ‘यंदाची वर्गणी’ म्हटलं की निदान जुन्या श्रोत्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. सुट्या तिकिटाची किंमत मात्र माणशी ५०० रुपयांपर्यंतच ठेवा, कारण तिथवर प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही. वर्गणीचं काय ते तुमच्या सीएला विचारा. ऐंशी-जीची पावती देऊ असं आमिष दाखवू नका. ज्या पैशाच्या बदल्यात खुर्ची मिळते ती देणगी नव्हे, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या नोकरदाराला त्या पावतीचा तसाही उपयोग नाही.

त्रास इथेही आहे. सभासद म्हणजे शे-सव्वाशे सासवा. ‘तो जॅझवाला परत कशाला?’, ‘माझी खुर्ची खांबामागे का?’, ‘जावई आलेत, एक पास द्या ना.’ फोन घ्यायला घरातलं कुणीतरी लागतं. वर्गणीचा आकडा खुर्च्यांच्या आकड्यापुढे जात नाही, म्हणून परदेशी कलाकार बोलावणं बहुतेक वर्षी राहूनच जातं. पण जॅझ नको म्हणणारे काका दुसऱ्या वर्षी त्याच पियानोवादकाची चौकशी करायला लागले, तेव्हा सरमिसळ कार्यक्रमाला धीर धरणारा श्रोता लागतो हे मला पटलं. प्रायोजक दरवर्षी नव्याने पटवावा लागतो. मार्केटिंगचा माणूस बदलला की पुन्हा पहिल्या बैठकीपासून.

तुमचं सभागृह मोठं असेल, माईक वापरणार असाल किंवा बाहेरदेशचा संच आणायचाच असेल, तर प्रायोजकाशिवाय पर्याय नाही हे मान्य. पाठीशी एखादी समजूतदार संस्था असली तर चित्रच वेगळं. जुन्या गोव्यात मोंतेच्या टेकडीवरच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने भरवलेला महोत्सव भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीताला जागा देतो. तशी संस्था सगळ्यांच्या नशिबी नसते. प्रायोजक घेतलाच, तर चिन्ह कार्यक्रमपत्रिकेवर आणि दाराबाहेर, मंचावर काही नाही, हे करारात आधीच लिहून घ्या.

नाहीतर वर्गणीची पत्रकं गणपती उठले की काढा. जूनमध्ये शाळेच्या फिया असतात, दिवाळीत खिसे रिकामे होतात, आणि डिसेंबरात पुण्याच्या श्रोत्याचे पैसे ‘सवाई गंधर्व’ महोत्सवासाठी राखलेले असतात.